आगगाडी घाटाखालून गेली

(मंडळाच्या लोणार येथील वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 माझे सारे आयुष्य खामगावात इतिहास शिकविण्यात गेले. त्यामुळे चिटणीसांनी जेव्हा "खामगावच्या कापूसपेठेचा आणि रेल्वेचा इतिहास सांगा" असे सुचविले, तेव्हा मला आनंदच झाला. मात्र हे व्याख्यान खामगावात न ठेवता लोणारला ठेवावे, अशी विनंती मी केली आणि मंडळाने ती मान्य केली. असे करण्याचे कारण आहे. खामगाव कसे वाढले हे खामगावकर नेहमीच अभिमानाने सांगतात. पण ज्या कारणांनी खामगाव वाढले, त्याच कारणांनी लोणार मागे पडले. ही अर्धी कथा सांगितल्यावाचून पहिली अर्धी पुरी होत नाही, आणि ती येथे, आपल्यासमोरच सांगितली पाहिजे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण लहानपणापासून जाणतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील तो घाटावरचा भाग, म्हणजे जुन्या भाषेत बालाघाट. आणि पूर्णेच्या काळ्या सपाटीचा तो घाटाखालचा, म्हणजे पयानघाट. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, चिखली ही घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही घाटाखाली. आज घाटाखालचा भाग संपन्न आणि घाटावरचा मागासलेला, असे बोलण्याची रूढी पडली आहे. परंतु इतिहास तसे सांगत नाही. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे एका सरकारचे ठाणे होते. अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त लोणारचा उल्लेख केला आहे, आणि तोही केवळ तीर्थ म्हणून नव्हे. काच व साबण तयार करण्यास लागणारे द्रव्य येथील सरोवरात मिळते व त्यापासून चांगले उत्पन्न येते, असे तो नमूद करतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात लोणारची नोंद एक उद्योगाचे गाव म्हणून झालेली होती.

हा उद्योग कसा चाले? आपल्या सरोवराचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे आणि काठापासून साडेचारशे फुटांच्या आसपास खोल आहे. त्यात पाणी येते, परंतु बाहेर जाण्यास वाट नाही. उन्हाळ्यात पाणी आटत मागे सरकले की काठच्या चिखलावर क्षार साचत. भर वैशाखात कामकरी माणसे त्या उग्र वासाच्या पाण्यात उतरून ते खडे काढीत, काठावर वाळवीत आणि प्रतवारी करीत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची निरनिराळी नावे होती. कोणता क्षार साबणाला, कोणता काचेच्या बांगड्यांना, कोणता औषधाला आणि कोणता पापडात घालायला, हे गावातील पोरासही ठाऊक असे. दैत्यसूदनाच्या देवळासमोर उभे राहून लवणासुराची कथा आपण सारे भक्तिभावाने ऐकतो. त्या कथेच्या नावातच या गावाच्या पोटापाण्याचे साधन सांगितलेले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या समाजाचा पिढीजात धंदा रंगकामाचा. आजच्या तरुणांना तो ऐकूनच माहीत असेल, म्हणून थोडे सांगतो. वऱ्हाडात आलीच्या झाडाची लागवड होत असे. तिच्या मुळापासून पक्का तांबडा रंग निघे आणि त्या रंगाच्या जाड कापडास खारवा म्हणत. सावकारांच्या चोपड्यांना बांधणी असे ती या खारव्याची. नुसते मूळ उकळून कापडास रंग धरत नाही. आधी कापड तेल आणि खार यांत पुन्हा पुन्हा भिजवून, मळून, उन्हात वाळवावे लागे. मग तुरटीचे पाणी. आणि त्यानंतर आल. तो खार आपल्या वाडवडिलांना लोणारातून मिळे. आपली घरे लोणार-मेहकरच्या परिसरात का वसली, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

आता घाटाखाली उतरू. खामगाव हे मुळात फार जुने शहर नव्हे. १८२०च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने मांडली आणि तूप, सूत व थोडाफार कापूस यांचा व्यापार सुरू केला. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांवर लादून जात असे. एक वाट मुंबईकडे, दुसरी पार गंगाकाठच्या मिर्झापुराकडे. बैलांच्या पाठीवर आठवडेच्या आठवडे कापूस वाटचाल करी. वाटेत पावसाने भिजे, धुळीने मळे, आणि ठिकाणावर पोहोचेपर्यंत त्याची किंमत निम्मी होई. परतताना तेच तांडे समुद्राचे मीठ घेऊन येत. हा व्यवहार मंद होता, पण त्यात घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांना सारखाच वाव होता. बैल घाट चढू शकतो. आगगाडीला मात्र चढाव परवडत नाही. या एका भेदाने पुढील दीडशे वर्षांचा निर्णय केला.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले आणि त्याच वर्षी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. थळघाटाचे काम १८६५ मध्ये संपले, आणि १८६७ मध्ये गाडी भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरला पोहोचली. दरम्यान सातासमुद्रापलीकडे एक घटना घडली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना येणारा तेथील कापूस थांबला. मँचेस्टरची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचे भाव असे चढले की शेतकऱ्याने ज्वारीचे रान मोडून कापूस पेरला. युद्ध थांबताच भाव कोसळले, परंतु पेरा मात्र राहिला. या कापसावर देखरेख करण्यासाठी सरकारने स्वतंत्र कापूस-कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नाक असे त्याचे नाव. खामगावची पेठ मुख्य लोहमार्गापासून थोडी बाजूस राहिली होती. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा सरकारने बांधला. १८७० मध्ये प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला.

आठ मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय खामगावला यावा, याचे आज आपल्याला नवल वाटेल. पण ते वर्ष पाहा. १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबईहून समुद्राखालून इंग्लंडशी तारेचा संबंध जोडला गेला. आणि त्याच वर्षी खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रूळ पोहोचले. रूळ, कालवा आणि तार या तिहींच्या योगाने खामगावचा अडत्या आणि लिव्हरपूलचा दलाल जणू एकाच ओट्यावर येऊन बसले. पूर्वी भाव ठरे तो गावच्या पिकावरून. आता तो ठरू लागला परमुलखातल्या बातमीवरून.

यानंतर खामगावचे रूप झपाट्याने पालटले. वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले. पूर्वी घरोघरी बायका रेच्यावर सरकी काढीत, ते काम यंत्राने सुरू झाले. रुईच्या पोकळ बोऱ्यांऐवजी घट्ट दाबलेल्या गासड्या मालधक्क्यावर रचल्या जाऊ लागल्या. कार्तिकापासून चैत्रापर्यंतच्या हंगामात कापसाच्या बंड्यांची रांग गावाबाहेर दूरवर लागे. पहाटे जिनाच्या भोंग्याने गाव जागे होई. गुजरात, कच्छ, मारवाड येथून व्यापारी आले. खेड्यापाड्यांतून हमाल, गाडीवान आणि सरकी निवडणाऱ्या बाया आल्या. ज्या वस्त्या आज शहराचे जुने भाग म्हणून ओळखल्या जातात, त्या अशाच कापसाच्या आणि रुळांच्या आधाराने वाढल्या. एका काळी वऱ्हाडातील सर्वांत मोठा कापूसबाजार म्हणून खामगावची ख्याती होती. पुढे अमरावती आणि अकोला यांनी त्याला मागे टाकले. १९०५ मध्ये खामगाव तालुका अकोला जिल्ह्यातून निघून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आला.

कापसातून आलेल्या धनाने शाळा आल्या, छापखाने आले, दवाखाने आले. कापसाचे विख्यात व्यापारी गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाचे महाविद्यालय खामगावात आहे. आपल्या समाजातील पहिले पदवीधर घाटाखालचेच निघाले, यात काही दैवी संकेत नव्हता. तेथे गाडी होती, म्हणून पेठ होती. पेठ होती, म्हणून महाविद्यालय होते.

मित्रहो, तोच लोहमार्ग लोणारला काय देऊन गेला? त्याच शतकात इंग्लंडमध्ये साध्या मिठापासून कारखान्यात सोडा करण्याची विद्या पूर्ण विकसित झाली होती. हा सोडा जहाजाने मुंबईस येई आणि गाडीने स्वस्तात वऱ्हाडात पोहोचे. लोणारचा खार मात्र सरोवराच्या तळातून डोक्यावर वर आणायचा, मग बंडीने मेहकर, मग घाट उतरून स्टेशन. मालापेक्षा वाहतूक महाग पडू लागली. पुढे विसाव्या शतकात सौराष्ट्रात, ध्रांगध्रा आणि मिठापूर येथे, स्वदेशी सोड्याचे मोठे कारखाने निघाले. म्हणजे परकी सत्ता गेल्यानेही हा धंदा परतण्यासारखा राहिला नव्हता. सारा दोष एकट्या इंग्रजाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये.

आपल्या रंगकामाचेही तेच झाले. १८६८ मध्ये जर्मनीत तांबड्या रंगाचे द्रव्य कृत्रिम रीतीने तयार झाले आणि थोड्याच वर्षांत तयार रंगाचे डबे बाजारात आले. जे काम आपले आजे-पणजे दिवसेंदिवस खपून करीत, ते एका दुपारात उरकू लागले. त्याच गाडीने गिरणीचे छापील लुगडे आले. आलीची लागवड उठली, खारवा गेला. कापूस गाडीने जाऊ लागला आणि रंगलेले कापड गाडीने येऊ लागले. मधल्या मध्ये रंगारी राहिला नाही.

भरीस दुष्काळ आले. पूर्वी घरोघरी ज्वारीची पेवे भरलेली असत. कापसाचा पेरा वाढला, उरलेले धान्यही गाडीने बाहेर जाऊ लागले आणि पेवे रिकामी झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडची फार मोठी हानी झाली. गाडीने धान्य आलेही. पण ज्याच्या हातात दाम नाही त्याला स्टेशनवरच्या पोत्यांचा काय उपयोग? आपल्या समाजातील पुष्कळ घरांनी याच काळात घाट उतरला.

माझे पणजोबा त्यांतलेच एक. लोणारच्या घरात दोघे भाऊ होते. धाकट्याने, म्हणजे माझ्या पणजोबांनी, खामगावची वाट धरली. थोरले देवघर आणि वृद्ध आई सांभाळण्यास मागे राहिले. माझे आजोबा सांगत की पणजोबांना एका प्रेसमध्ये पहिले काम मिळाले ते गासड्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के रंगविण्याचे. ज्या हाताने खारवा रंगविला, त्या हातात काळ्या रंगाचा कुंचला आला. पण मजुरी रोख होती आणि दर आठवड्यास मिळे. त्या मजुरीतून आजोबा शिकले, वडील शिकले आणि मी शिक्षक झालो. थोरल्यांच्या वंशाला मात्र शाळा मिळाली ती चौथीपर्यंतची.

आता एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण ती सांगण्यासाठीच मी आज येथे आलो आहे. १९६२च्या सुमाराची गोष्ट. खामगावला आमच्या घरी माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न होते. लोणारहून आजोबांचे चुलतभाऊ आले. त्यांना आम्ही लोणारचे आबा म्हणत असू. एस.टी.ने मेहकर, जानेफळ असा दिवसभराचा प्रवास करून ते आले होते. हातात फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. तिच्यात पापडखार होता. लग्नघरी लोणारचा खार न्यावा, अशी त्यांच्या घरची जुनी रीत. आमच्याकडील कोणी तरी हसून म्हणाले, "हा तर कोपऱ्यावरच्या दुकानात दोन आण्याला मिळतो." सारे हसले. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो; मीही हसलो. पंगतीच्या वेळी पहिल्या पंक्तीत अडत्ये, वकील, स्टेशनमास्तर बसले आणि आबांना "घरचेच आहेत" म्हणून दुसऱ्या पंक्तीत बसविले. आबा एक शब्द बोलले नाहीत. जेवले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. पुन्हा ते आमच्या उंबऱ्यावर आले नाहीत. आम्हीही कोणी लोणारला गेलो नाही. पुढे ते वारल्याचे कळले, तेही तेरावा होऊन गेल्यावर.

ही एका घराची कथा असती तर मी ती या सभेत काढली नसती. परंतु येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी स्मरण करावे. सोयरीक जुळविताना "घाटावरची मुलगी नको" असे आपल्याकडे किती घरांत म्हटले गेले? मंडळाची सभा नेहमी खामगावला किंवा अकोल्याला का भरली? "तेथे सोय आहे" असे आपण म्हणतो. ती सोय म्हणजे रूळच होते, आणि ते टाकणाऱ्यांनी आपली गुणवत्ता पाहून टाकले नव्हते. ज्यांच्या वाटेत सपाट जमीन आली ते पुढे गेले. आपण मात्र भूगोलाने दिलेल्या लाभाला स्वतःचे कर्तृत्व समजलो आणि भूगोलाने केलेल्या अन्यायाला दुसऱ्याचा आळस ठरविले.

शिवाय रुळांचे देणेही कायमचे नसते. १९७२ पासून राज्यात कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना आली, व्यापाराची रीत बदलली. जुने जिन एकामागून एक थंड झाले. खामगाव टिकले ते नव्या धंद्यांनी. चांदीच्या व्यापारासाठी त्याची कीर्ती झाली, औद्योगिक वसाहत झाली, आणि तेथे साबणाचा मोठा कारखाना निघाला. मला त्यात नियतीचा विनोद दिसतो. अबुल फजलाने साबणाचे द्रव्य लोणारात आहे म्हणून लिहिले. साबणाचा कारखाना झाला तो गाडीच्या गावी.

घाटावरच्यांनी रेल्वेची आशा सोडली होती असे मात्र नाही. तिकडे निजामाच्या मुलखात १९०० मध्ये मनमाडहून जालन्याकडे गोदावरी खोऱ्यातील रेल्वे गेली आणि जालन्यालाही कापसाची पेठ वाढली. उत्तरेस खामगाव, नैर्ऋत्येस जालना, आणि मध्ये आपला घाटावरचा कोरडा पट्टा. ही दोन टोके जोडा, अशी मागणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आली. सर्वेक्षणे झाली, निवेदने गेली, आंदोलने झाली. तीन पिढ्यांनी त्या मार्गाची वाट पाहिली. त्याची आखणीही चिखली, देऊळगावराजा यांच्या बाजूने. लोणारच्या वेशीस ती लागत नाही.

तथापि काळाने आता दुसरी वाट उघडली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग घाटावरूनच, मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. दीडशे वर्षांनी प्रथमच मोठी वाट घाटाखालून न जाता आपल्या अंगणाजवळून गेली. त्याच सुमारास लोणारचे नावही जगात पुन्हा निघाले. सरोवर उल्केच्या आघाताने झाले, हे १९७३च्या सुमारास शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेच होते. २०२० मध्ये पाण्यास गुलाबी रंग चढला तेव्हा साऱ्या देशाने ते पाहिले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. आता तेथून खार काढायचा नाही. सरोवर राखायचे आहे. आपल्या वाडवडिलांनी ज्याच्यावर पोट भरले, त्याचे रक्षण हेही आपले ऋणच समजावे.

परंतु मी आपणास सावध करू इच्छितो. रस्ता जवळून गेला म्हणजे गाव वाढतेच असे नाही. गाडीही पुष्कळ खेड्यांच्या शिवारातून गेली. वाढली ती जेथे थांबली तीच गावे, आणि त्यांतही ज्यांच्या हाती विद्या व भांडवल होते तीच माणसे. महामार्गावरून वाहने धावतील आणि आपली घाटावरची मुले कुंपणापलीकडून पाहत राहतील, असे होऊ द्यायचे नसेल तर आजच काही केले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना मंडळाने विचारात घ्याव्यात. पहिली, खामगावच्या आपल्या वसतिगृहातील निम्म्या जागा घाटावरील मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात, आणि याला कोणी दान म्हणू नये. थोरल्या भावाने देवघर आणि आई सांभाळली म्हणून धाकट्याला जाता आले. त्याची ही परतफेड आहे. दुसरी, वार्षिक मेळावा दर तिसऱ्या वर्षी घाटावर भरावा. गैरसोय होईल; ती आपण सोसावी, त्यांनी आजवर सोसली. तिसरी, ज्या घरांत जुन्या चोपड्या, रंगकामाची भांडी, ठसे किंवा रंगाच्या कृती शिल्लक असतील, त्यांची नोंद मंडळाने करून घ्यावी. या स्मरणिकेची काही पाने दरवर्षी त्यासाठी द्यावीत. रेल्वेचा इतिहास लिहिण्यास सरकारी दफ्तरे आहेत. आपल्या रंगाऱ्यांचा इतिहास आपण लिहिला नाही तर कोणी लिहिणार नाही.

आज सकाळी मी आबांच्या घरी जाऊन आलो. साठ वर्षांहून अधिक काळाने आमच्या घरातील कोणी त्या उंबऱ्यात पाऊल ठेवले. मी लग्नातील ती गोष्ट काढली आणि क्षमा मागितली. आबांचे नातू म्हणाले, "भाऊ, आबांनी ती गोष्ट घरी कधी सांगितलीच नाही. खामगावच्या लग्नात जेवण फार चांगले होते, एवढेच सांगत." हे ऐकून मला काही बोलता आले नाही. ते आज या सभागृहात मागच्या बाजूस बसले आहेत. अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे की सभा संपल्यावर जी पंगत बसेल, तिच्यात पहिल्या रांगेत लोणार-मेहकरची मंडळी बसावी आणि वाढण्याचे काम आम्हा खामगावकरांकडे असावे.